माहेरपणात तपासण्या किती? चार, आठ, की दर पंधरा दिवसांनी?

आबोली

नमस्कार मंडळी. असा धागा आधी येऊन गेला असेल तर तिकडे पिटाळा, मला शोधून सापडला नाही.

धाकटी बहीण डोंबिवलीला असते. पहिलं बाळंतपण, म्हणजे रीतीप्रमाणे माहेरी, आमच्याकडे देवगड तालुक्यात. सातव्यात डोहाळजेवण उरकलं की ज्येष्ठाच्या अखेरीस येणार, तेव्हा २९ आठवडे भरत आलेले असतील. तारीख गणपतीच्या आसपासची आहे.

डोंबिवलीच्या डॉक्टरांनी सांगितलंय की आता दर पंधरा दिवसांनी दाखवायचं आणि नवव्यात दर आठवड्याला. इथल्या उपकेंद्रात विचारलं तर म्हणाले, सरकारी हिशोबाने किमान चार, दोन झाल्यात, दोन राहिल्या. आईचं तिसरंच. तिच्या मते सगळं नीट आहे तर पोटुशीला पावसात रिक्षातून आदळत कणकवलीला न्यायचंच कशाला? आम्ही तिघी काय दर पंधरवड्याला डॉक्टरकडे जाऊन जन्मलो?

मला भीती घालणारे प्रतिसाद नकोत. जास्त वेळा तपासल्याने बाळ-बाळंतिणीचं खरंच काही भलं होतं का, की ही नुसती पद्धत पडून गेलीय, एवढंच कळायला हवंय.

सडेतोड

पद्धत आणि धंदा, दोन्ही. आमच्या हिच्या वेळी दर खेपेला सोनोग्राफी, दर खेपेला फी, आणि दर खेपेला एकच वाक्य, "सगळं छान आहे". छान आहे तर परत कशाला बोलावता? सरकार चार म्हणतंय ते काही उगाच नाही.

मोरीमसाला

आमच्याकडे दर महिन्याला जायचो, शेवटी दोनदा. काही त्रास झाला नाही. बहिणीला शुभेच्छा!

आकडेमोड

सडेतोड, "चार" या आकड्याची कुंडली मांडतो. लांबेल, पण धाग्याचा प्रश्नच तो आहे.

डोंबिवलीच्या डॉक्टरांचं वेळापत्रक मुळात ब्रिटनमधलं. १९२९-३० च्या सुमारास तिथल्या आरोग्य खात्याने ठरवून दिलं: आधी १६ व्या, २४ व्या आणि २८ व्या आठवड्यात, पुढे ३६ पर्यंत दर पंधरा दिवसांनी, मग दर आठवड्याला. ते कुठल्या प्रयोगातून आलेलं नव्हतं, अनुभवी माणसांचा अंदाज होता. तो जगभर पसरला आणि सत्तर वर्षं कुणी फारसा तपासून पाहिला नाही.

मग जागतिक आरोग्य संघटनेने मोठी चाचणी घेतली. अर्जेंटिना, क्युबा, सौदी अरेबिया आणि थायलंडमधली ५३ केंद्रं, २४ हजारांहून जास्त बायका. अर्ध्या केंद्रांवर नेहमीची पद्धत, अर्ध्यांवर मोजक्याच पण नेमक्या कामाच्या भेटी. २००१ मध्ये निकाल आला. कमी वजनाची मुलं, बाळंतपणानंतरचा पंडुरोग (रक्तातलं हिमोग्लोबिन कमी होणं) वगैरेंमध्ये दोन्हीकडे ठळक फरक नाही. यावरून गरीब देशांसाठी चार भेटींचा सुटसुटीत नमुना आला. जिथे नर्स एक आणि गावं दहा, तिथे हे सोयीचंही होतं.

पुढची गोष्ट मात्र पुष्कळांना ठाऊक नसते. नंतर अशा सगळ्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या. त्यांत झिम्बाब्वेमधल्याही होत्या. कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत, कमी भेटींच्या गटात पोटात किंवा जन्मानंतर आठवडाभरात दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण सुमारे १५ टक्क्यांनी जास्त निघालं. श्रीमंत देशांत तसं दिसलं नाही. का? तिथे "कमी भेटी" म्हणजे आठ-दहा. आपल्यासारख्या देशांत "कमी" म्हणजे पाचाच्याही आत. त्यांची काटकसर आपल्या चैनीइतकी.

त्या २००१ च्या चाचणीची आकडेवारी पुन्हा उकरल्यावर आणखी एक दिसलं. पोटातले जादा मृत्यू मुख्यतः ३२ ते ३६ आठवड्यांच्या दरम्यान होते. चार भेटींच्या नमुन्यात नेमकी तिथेच मोठी फट होती. त्यामुळे २०१६ साली संघटनेने चारचे आठ केले: पहिली १२ आठवड्यांच्या आत, मग २०, २६, ३०, ३४, ३६, ३८ आणि ४०. आठांपैकी पाच शेवटच्या दहा आठवड्यांत. चारऐवजी आठ केल्याने दर हजार जन्मांमागे आठपर्यंत बाळं वाचू शकतील, असा त्यांचा अंदाज.

आबोली, तुमची बहीण येतेय तेव्हा नेमका हाच टप्पा सुरू होतोय.

सडेतोड

मान्य, चार कमी पडतात. पण मग "जितक्या जास्त भेटी तितकं बाळ सुदृढ" अशा बातम्या येतात त्यांचं काय? त्या हिशोबाने वीस भेटी दिल्या की पहिलवानच जन्माला यायचा.

आकडेमोड

त्या बातम्यांकडे मीही तिरक्या नजरेनेच बघतो. घरोघरच्या पाहण्यांमधून "आठ भेटी झालेल्यांची मुलं जास्त जगली" असं निघतं, पण त्यात एक चकवा आहे. जिची प्रसूती ३२ व्या आठवड्यातच झाली, तिच्या नवव्या महिन्यातल्या भेटी होणार कशा? भेटी कमी म्हणून बाळ लवकर आलं असं नव्हे, बाळ लवकर आलं म्हणून भेटी कमी. लवकर आलेलं बाळ वजनाने कमी असतंच, सगळं खापर फुटतं भेटींच्या आकड्यावर.

उलटाही चकवा आहे. जिचं बीपी वाढलंय तिला डॉक्टर वारंवार बोलावतात, म्हणजे जास्त भेटीवाल्यांत जोखमीच्या बायका भरतात. शिवाय शिकलेली, पैसेवाली, रस्त्यालगत राहणारी बाई जास्त वेळा जाते आणि तिचं बाळ इतर कारणांनीही बरं असतं. म्हणून मी चिठ्ठ्या टाकून गट पाडलेल्या चाचण्यांचाच आधार घेतला. त्यांतला फरक छोटा आहे, पण भरवशाचा.

सुरंगी

मी तळकोकणात स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. आकडेमोड यांनी माझं अर्धं काम केलं, उरलेलं करते.

भेटींचा आकडा म्हणजे नुसती रिकामी डबी, आत काय घातलं ते बघा. गरोदरपणातला उच्च रक्तदाब, ज्यात लघवीतून प्रथिनं जायला लागतात आणि वेळीच सापडला नाही तर झटके येतात, तो २० आठवड्यांनंतर कधीही उपटतो, आणि शेवटच्या दोन-अडीच महिन्यांत जास्त. सुरुवातीला बाईला काहीही जाणवत नाही. आज ११८/७६ असलेलं बीपी दोन आठवड्यांत १४०/९० ओलांडू शकतं. महिन्याचं अंतर ठेवलं तर तो सापडण्याऐवजी थेट झटक्यानेच भेटतो. हेच बाळाच्या वाढीचं. पोटाची उंची टेपने मोजली आणि दोन भेटींत ती वाढलीच नाही, तर शंका येते. एकाच मापावर काही कळत नाही, मागचं माप लागतं.

आता सडेतोड यांच्यासाठी. तुमची चीड अगदीच अनाठायी नाही. जोखीम नसलेल्या बाईला २४ आठवड्यांच्या आत एक सोनोग्राफी करा, इतकीच जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. पुढे गरजेप्रमाणे. आपल्याकडे २० व्या आठवड्याच्या आसपास व्यंग पाहण्यासाठी करतात ती त्यात बसते. शेवटच्या तिमाहीत वाढ बघायला आणखी एखादी करतात, त्याला कारण असू शकतं. पण दर पंधरा दिवसांनी तपासणी म्हणजे दर पंधरा दिवसांनी सोनोग्राफी नव्हे. बीपीचा पट्टा, लघवीची पट्टी, वजनकाटा, टेप आणि बाळाचे ठोके, एवढ्यावर ही भेट पुरी होते. दहा मिनिटांचं काम आणि ते कणकवलीलाच व्हायला हवं असं मुळीच नाही.

रिक्षाच्या हादऱ्यांबद्दल: गुंतागुंत नसलेल्या गरोदरपणात खड्ड्यांमुळे कळा सुरू होतात याला आधार नाही. वार (प्लासेंटा) खाली असेल किंवा रक्त जात असेल तर गोष्ट वेगळी. आईंना सांगा, त्यांची माया कळते, पण घरी बसून बीपी कळत नाही.

काजूबी

आमच्या वेळेक खयची सोनोग्राफी नि खयचा कार्ड! सुईण इली, पोटाक हात लावल्यान, सगळा बरा आसा म्हणान सांगल्यान, झाला काम. पण बाळंतपणात गेलेली बायलमाणसां माका अजून आठवतत. तेंचो हिशोब कोणी ठेवलो नाय. "आम्ही नाय जन्मलो काय" असा जी जगली तीच सांगतत. आवशीक सांग, गाडी सावकाश हाकूक लाव नि चेडवाक घेवन जा.

आकडेमोड

काजूबी, दंडवत. मी दोन परिच्छेद खर्चून जे सांगितलं असतं ते तुम्ही एका ओळीत आटोपलंत.

खाडीपलीकडे

मी आरोग्य सेविका आहे, गुहागर तालुक्यात. वाचत होते, पण उपकेंद्राचं नाव निघालं म्हणून लिहिते.

"चार" हा आमचा किमान आकडा आहे, कमाल नाही. पहिली १२ आठवड्यांच्या आत, दुसरी १४ ते २६, तिसरी २८ ते ३४ आणि चौथी ३६ नंतर. त्याशिवाय दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियान असतं, २०१६ पासून. त्या दिवशी चौथ्या महिन्यापासून पुढच्या गरोदर बायकांना डॉक्टर स्वतः तपासतात, फुकट. कुणाला जोखीम दिसली की तिच्या कार्डावर लाल ठिपका लागतो, बाकीच्यांना हिरवा. शिवाय अंगणवाडीत लसीकरणाचा दिवस असतो तेव्हा आम्ही असतोच. बीपी, वजन, लघवी, हिमोग्लोबिन, सगळं तिथे होतं. अधल्यामधल्या दिवशी उपकेंद्रात आलात तरी हाकलून देत नाही.

माहेरवाशिणींचा आमचा अनुभव सांगते. मुंबई, ठाणे, विरारहून मुली येतात सातव्या-आठव्यात. फाईल जाडजूड, पण त्यात सोनोग्राफीचे फोटो आणि औषधांची बिलं. बीपी किती होतं, हिमोग्लोबिन कधी किती, ते एका जागी सापडत नाही. आमच्या रजिस्टरला नाव नाही, म्हणून आशा ताईच्या यादीत नाही, म्हणून घरी कोणी जात नाही. तिकडच्या आशाला वाटतं गावी गेली, इकडे माहीतच नसतं की आलीय. मधे महिना-दीड महिना कोणीच बीपी बघत नाही. आकडेमोड दादांनी ३२ ते ३६ म्हटलं ना, आमच्याकडे माहेरपण तेव्हाच ऐन भरात असतं. हळदीचे पानगे, घावणे, शेजारणी बघायला येतात, मुलगी खूश, पाय सुजलेत तर "भरत आलं ना आता" म्हणून विषय बंद. पायाची सूज बऱ्याच जणींना असते, मान्य. पण तोंड आणि हाताची बोटं सुजली, अंगठी निघेना, तर थांबायचं नाही.

पावसात आणखी पंचाईत. आमच्या हद्दीत एक वाडी वरच्या अंगाला आहे, गाडी अर्ध्यावर थांबते. जुलैमध्ये पऱ्याला, म्हणजे ओढ्याला, पाणी असलं की ती बाई ९ तारखेला येऊ शकत नाही. मग बीपीचं मशीन पिशवीत, पिशवीवर प्लास्टिक आणि मीच वर. पट्टा दमट होऊन वेलक्रो सुटतं, तेव्हा हाताने धरून मोजते. तिला डॉक्टरने बघितलं नाही हे खरं, पण आकडा कार्डावर चढला.

तर आबोली ताई, बहीण आली की पहिल्याच आठवड्यात माता-बाल संरक्षण कार्ड घेऊन उपकेंद्रात जा आणि नाव घाला. डोंबिवलीत नोंद आहे म्हणून इथे होत नाही असं कुणी म्हटलं तर ऐकू नका. आरसीएच क्रमांक, म्हणजे गरोदर बाईचा सरकारी नोंदणी क्रमांक, एकच असतो, तोच इकडे चालतो.

सव्वासातची_लोकल

बायको मागच्या पावसाळ्यात राजापूरकडे माहेरी होती. मी इकडे कळव्यात, फोनवर रोज "बरी आहेस ना", "बरी आहे". आता वाटतं विचारायला हवं होतं, बीपी किती आलं. देवाच्या दयेने सगळं नीट पार पडलं. जावईबापू वाचत असतील तर त्यांनाही कामाला लावा.

सडेतोड

खाडीपलीकडे ताई, तुमच्यासारख्या सगळीकडे असत्या तर मी पहिला प्रतिसाद लिहिलाच नसता. पण खरं सांगा, कार्ड भरलेलं असतं आणि बीपी मोजलेलंच नसतं, असं होत नाही का? "११०/७०" सगळ्यांचं एकसारखं लिहिलेलं मी स्वतः पाहिलंय. कुठे ते सांगत नाही.

सुरंगी

होतं. आणि त्यावर भेटी वाढवणं हा उपाय नाही. देशभरच्या पाहणीतही हेच दिसतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत भारतात साधारण ५८ टक्के मातांच्या चार किंवा जास्त तपासण्या झाल्या होत्या, पण लोहाच्या गोळ्या पूर्ण १८० दिवस घेतलेल्या फक्त २६ टक्के. त्याच पाहणीत निम्म्याहून जास्त गरोदर बायकांना पंडुरोग. म्हणजे भेट झाली, गोळ्या मिळाल्या असतील, पोटात गेल्या नाहीत. चार भेटींत एकदाही "गोळीने मळमळतं म्हणून मी डब्यात टाकून ठेवते" हे कुणी विचारून काढलं नाही.

महाराष्ट्र त्या मानाने बरा. २०१८-२० मध्ये लाख जिवंत जन्मांमागे देशात ९७ माता दगावत होत्या, महाराष्ट्रात ३३. इथवर आलो ते दवाखान्यातली बाळंतपणं, रक्त, रुग्णवाहिका, रस्ते या सगळ्यामुळे. नुसत्या तपासण्या वाढवून आणि पुढे सिझेरियनची, रक्ताची सोय न करून कुठल्याच देशात आकडे खाली आलेले नाहीत. बीपी सापडलं पण झटके टाळणारं मॅग्नेशियम सल्फेटचं इंजेक्शन देणारं कुणी नाही, तर सापडून काय उपयोग?

आकडेमोड

याला एक पुस्ती. नेपाळात मकवानपूर जिल्ह्यात आणि नंतर झारखंड-ओडिशात गावातल्या बायकांच्या गटबैठका घेऊन पाहिल्या. गरोदरपणातले धोके काय, गाडी कुठून आणायची, पैसे कुठून काढायचे, हे त्यांनीच बसून ठरवायचं. दोन्ही ठिकाणी नवजात बाळांचे मृत्यू सुमारे तीस टक्क्यांनी कमी झाले. घरच्यांना कधी धावायचं ते ठाऊक असणं, याचंही वजन आहे.

आबोली

बापरे, इतकं येईल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार. आईला काजूबींचा प्रतिसाद वाचून दाखवला. "ही कोण, आपल्या मिठबावच्या मावशीसारखी बोलतेय" म्हणाली आणि गप्प झाली. म्हणजे जमलं.

बहिणीकडून फोटो मागवले. खरंच, सतरा कागद आणि बीपी तीनच ठिकाणी: ११ आठवड्यांना ११०/७०, २० ला ११२/७४ आणि २६ ला १२६/८२. हिमोग्लोबिन आधी १०.२, आता ९.८. डॉक्टर "नॉर्मल" म्हणाल्या. साखरेची तपासणी २५ व्या आठवड्यात झालीय, १२१. सुरंगी ताई, यात काही बघण्यासारखं आहे का? इथे निदान मागत नाही, फक्त काय विचारायचं ते सांगा.

सुरंगी

कागद न बघता निदान करणारही नाही. पण तीन गोष्टी.

बीपी तिन्ही वेळा हद्दीत आहे. गरोदरपणाच्या मध्यावर ते थोडं खाली असतं आणि शेवटाकडे पुन्हा चढतं, त्यामुळे १२६/८२ बघून घाबरू नका. पण चढण लागलीय, आणि पुढचा आकडा महिन्याने घेणं मला आवडणार नाही. आल्या आल्या एकदा, मग दर पंधरा दिवसांनी, ३६ नंतर दर आठवड्याला. हे सगळं उपकेंद्रात होऊ शकतं. १४०/९० किंवा वर दिसलं तर चार तासांनी पुन्हा मोजतात आणि तज्ज्ञाकडे पाठवतात. १६०/११० असेल तर वाट न बघता गाडी काढायची.

साखर १४० च्या खाली, ठीक.

हिमोग्लोबिन ११ च्या खाली म्हणजे पंडुरोग, आणि १० च्या खाली गेला की तो सौम्य नाही, मध्यम धरतात. गोळ्या घेऊनही खाली गेलंय, म्हणजे गोळ्या खरंच घेतेय का हे प्रेमाने विचारा. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकत्र घेत असेल तर एक सकाळी, एक रात्री करा. लोहाच्या गोळीवर चहा नको, लिंबू किंवा आवळा चालेल. महिन्याभराने पुन्हा तपासून वाढलं नसेल तर शिरेतून लोह देता येतं. त्यासाठी ३४ व्या आठवड्यापर्यंत लोंबकळत ठेवू नका.

तज्ज्ञाला मात्र दोनदा तरी प्रत्यक्ष दाखवा, ३२ च्या आसपास आणि ३६ ला. बाळ डोक्याकडून आहे का आणि प्रसूती कुठे करायची, हे ३६ ला ठरलं पाहिजे.

खाडीपलीकडे

आणि गणपतीचं विसरू नका! तारीख त्याच सुमाराची म्हणता. चाकरमानी यायला लागले की हायवेला गाड्यांची रांग, त्यात आमचेही अर्धे लोक रजेवर. १०८ आणि १०२ नंबर घरात सगळ्यांच्या फोनमध्ये घाला. शिवाय गावातला एक गाडीवाला आत्ताच बोलून ठेवा, जो आरतीच्या वेळीही फोन उचलेल. तुमच्याकडून पुढे ओरोसचं सरकारी रुग्णालय, आणि तिथून पाठवलं तर गोव्याला बांबोळीचं मेडिकल कॉलेज, हा रस्ता जावईबापूंनाही माहीत असू दे. रक्तगट काय आहे? निगेटिव्ह असेल तर आधीच सांगा.

आबोली

ओ पॉझिटिव्ह. गाडीवाला शेजारचाच आहे, त्याची बायकोही मागच्या वर्षी बाळंत झाली, त्यामुळे सांगायला नको.

एकच राहिलं. धनुर्वाताच्या इंजेक्शनचा कार्डावर पहिला डोस दिसतोय, चौथ्या महिन्यातला. दुसऱ्याचा रकाना रिकामा. बहिणीला आठवत नाही दिलं की नाही.

खाडीपलीकडे

कार्डावर नाही म्हणजे दिलेलं नाही असंच धरायचं. पहिलं गरोदरपण आहे, दोन डोस लागतात, मधे चार आठवड्यांचं अंतर. ते तर कधीच उलटून गेलंय. डोंबिवलीच्या दवाखान्यात फोन करून एकदा विचारा, त्यांच्या वहीत सापडलं तर तारीख कार्डावर लिहून घ्या. नाही सापडलं तर इथे आल्यावर पहिल्याच भेटीत देऊन टाकू, तेव्हाच बीपीही मोजून होईल. येताना ते सतरा कागद नकोत, रक्ताचे रिपोर्ट, दोन्ही सोनोग्राफी आणि कार्ड एवढंच आणा.